मैत्रेयाची शंका

ज्या व्याधीला औषधाने हटकून गुण येतो तिच्याविषयी तत्त्वचिंतकाने डोके शिणवण्याचे कारण नसते, आणि जिला कशानेच गुण येत नाही तिच्यापुढे वैद्याने हात टेकले की तत्त्वचिंतकाला बोलावणे येतेच. परंतु या दोहोंच्या मध्ये व्याधींचा असा एक वर्ग आहे की, ज्यातली व्याधी औषधाने बरी होते, औषधावाचूनही बरी होते, आणि पुष्कळदा सगळे उपाय करूनही जागची हलत नाही. डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत अकस्मात पडणारी चाई ही या वर्गातली. ती जीव घेत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही, अंथरुणाला खिळवत नाही. त्यामुळे रोगांच्या दरबारात तिला मानाची जागा मिळालेली नाही. तथापि कार्यकारणभाव म्हणजे काय, दैव कोठे संपते आणि पुरुषकार कोठे सुरू होतो, आणि बरे झालेल्या माणसाने उपकार नेमके कोणाचे मानावे, हे प्रश्न या क्षुल्लक मानलेल्या व्याधीने जितके उघडे करून ठेवले आहेत तितके मोठमोठ्या रोगांनीही क्वचितच केले असतील.

चाई पुष्कळदा न्हाव्याच्याच प्रथम ध्यानात येते. केस कापता कापता मानेच्या वर किंवा कानामागे रुपयाएवढी जागा त्याच्या बोटांना गुळगुळीत लागते. तेथे कोंडा नसतो, खवले नसतात, जखम नसते, असते ते नुसते कातडे. भिंगातून त्या जागेची कड न्याहाळली तर चार-सहा तुटके केस उभे दिसतात. ते शेंड्याशी जाड आणि मुळाशी बारीक असतात, आणि हलक्या चिमटीने सहज निघून येतात. पिकलेले केस मात्र या पडझडीतून पुष्कळदा शाबूत राहतात, आणि पुढे नवी लव फुटते तीही प्रथम पांढरीच फुटते. सुश्रुताने क्षुद्ररोगांत इंद्रलुप्त या नावाखाली जे वर्णन केले आहे त्यात पित्त वातासह रोमकूपांत शिरून केस पाडते आणि मागाहून रक्तयुक्त कफ ती छिद्रे बुजवून टाकतो, अशी उपपत्ती आहे. खेड्यापाड्यांतील समजूत याहून सरळ आहे: केसांना कीड लागली. आजचे वैद्यक सांगते की, देहाच्या रक्षक पेशींपासून केसाच्या मुळाला एरवी जी विशेष सूट असते ती काही कारणाने रद्द होते, आणि घरचेच शिपाई घरावर चालून जातात. मात्र हा हल्ला मुळाचा नाश करीत नाही, त्याला केवळ निद्रिस्त करतो. म्हणूनच वर्षानुवर्षे ओसाड राहिलेल्या जागेतही केस पुन्हा उगवण्याची शक्यता तत्त्वतः कायम राहते.

या शेवटच्या वस्तुस्थितीतच सगळा पेच साठवलेला आहे. एक-दोनच ठिपके असलेल्या रोग्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मे लोक वर्षाच्या आत कोणत्याही इलाजावाचून पूर्ववत होतात. याचा अर्थ असा की, अशा शंभर जणांना तुम्ही लसूण चोळा, जास्वंद वाटून लावा, अंगारा लावा किंवा नुसते आरशापुढे बसवा, त्यांतले तीस-चाळीस जण तरी वर्षअखेर आपापल्या उपायाची साक्ष द्यायला खुषीने हजर होतील, आणि त्यांची साक्ष शब्दशः खरी असेल. उपाय केला हेही खरे, आणि त्यानंतर केस आले हेही खरे. जे उरले ते घरी बसतील, कारण न आलेल्या गुणाची जाहिरात कोणी करीत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर कावळ्याच्या वजनाची कीर्ती गावभर होते. जेथे फांद्या रोजच तुटताहेत आणि कावळेही रोजच बसताहेत, तेथे त्या कीर्तीला सीमा राहत नाही.

ही शंका नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात महाचतुष्पाद नावाचा जो दहावा अध्याय आहे त्यात मैत्रेय हा आचार्य आत्रेयांसमोर उभा राहून, आजच्या कोणत्याही संशयवाद्याने हेवा करावा इतक्या स्पष्ट शब्दांत, वैद्यकावर फिर्याद गुदरतो. वैद्य निष्णात, औषध उत्तम, परिचारक तत्पर, रोगी आज्ञाधारक, अशी सगळी सामग्री जमली असूनही काही रोगी मरतात, आणि यांतले काहीही नसताना काही रोगी उठून चालू लागतात. तेव्हा औषध करणे आणि न करणे यांत भेद तो काय, असा त्याचा सवाल आहे. वैद्यकाच्याच ग्रंथाने वैद्यकाच्या मुळावर येणारा हा प्रश्न दडपून न टाकता त्याला अध्यायाच्या आरंभीच जागा द्यावी, ही त्या काळच्या विद्वत्तेची खानदानी वृत्ती होय. आत्रेयांचे उत्तर असे की, सर्वच रोग साध्य नसतात, त्यामुळे असाध्य रोगातील अपयश औषधाच्या माथी मारणे गैर. आणि जे रोगी औषधावाचून बरे होतात त्यांनाही औषधाचा उपयोग असतोच, कारण पडलेला माणूस आपल्या बळाने उठू शकत असला तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर आणि विनासायास उठतो.

उत्तर सुरेख आहे, पण मैत्रेयाने त्या वेळी आणखी एक पाऊल पुढे टाकले असते तर संवाद अधिक रंगला असता. हात दिल्यामुळे माणूस लवकर उठला हे आपल्याला कशावरून कळले? तो आपणहून किती वेळात उठला असता, हे आपण पाहिलेले नसते. त्या विवक्षित माणसाच्या बाबतीत ते कधीही पाहता यायचे नसते. येथे नैयायिकांनी घालून दिलेला शिरस्ता उपयोगी पडतो. जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि जे अन्यथासिद्ध नसते तेच कारण, अशी त्यांची व्याख्या आहे. माती वाहून आणणारे गाढव घट तयार होण्याच्या आधी कुंभाराच्या दारात उभे होते एवढ्यावरून त्याला घटाचे कारण म्हणता येत नाही, कारण त्याच्यावाचूनही घट होतो. तात्पर्य, अन्वय पाहिला तेवढ्याने भागत नाही, व्यतिरेकही पाहावा लागतो. औषध दिले आणि केस आले ही हकीकतीची अर्धी बाजू झाली. औषध दिले नाही तेव्हा काय झाले, हा दाखला जोडल्याखेरीज दावा पुरा होत नाही.

या कसोटीवर चाईचे रूढ उपाय लावून पाहिले म्हणजे मैत्रेय कोठे जिंकतो आणि आत्रेय कोठे, याचा बराचसा उलगडा होतो. घरगुती उपायांत कांद्याला अग्रमान आहे, आणि त्याच्या बाजूने एक लेखी पुरावाही आहे. बगदादच्या वैद्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेवीस जणांना कांद्याचा रस आणि पंधरा जणांना साधे पाणी दिवसातून दोनदा लावण्यास दिले होते. सहा आठवड्यांनी रसवाल्यांपैकी वीस जणांना केस आले, पाणीवाल्यांपैकी आठ आठवड्यांनीही दोघांनाच. आकडे डोळे दिपवणारे आहेत; परंतु संख्या अल्प, आणि आपल्या वाट्याला रस आला की पाणी हे ओळखायला रोग्याला नाक पुरेसे, त्यामुळे एवढ्या दस्तऐवजावर निवाडा देण्यास कोणताही चोख न्यायाधीश कचरेल. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडार यांच्या अर्कांनी रोज मालिश करून पाहिली, तेव्हा त्रेचाळीसपैकी एकोणीस जणांत सुधारणा दिसली. नुसत्या तेलाच्या मालिशीने एकेचाळीसपैकी सहा जणांत. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अर्कवाल्यांच्या यशाइतकीच त्या सहा जणांचीही आहे. त्या सहांपैकी प्रत्येकाने घरी जाऊन सांगितले असेल की तेलाने गुण आला, आणि त्याला खोटे पाडण्याचे कोणतेही साधन त्याच्या घरच्यांजवळ नव्हते.

थोड्या ठिपक्यांसाठी आजचा प्रचलित इलाज म्हणजे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे टोचे. बारीक सुईने सेंटिमीटरभर अंतरावर एक असे थेंबथेंब औषध कातडीच्या आत सोडले जाते, दर थेंबागणिक त्वचेवर मोहरीएवढा फुगवटा येतो आणि विरतो, आणि हा प्रकार चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावा लागतो. येथे व्यतिरेक डोळ्यांना दिसतो, कारण जेथे टोचले तेथे लव फुटते आणि शेजारची न टोचलेली जागा तशीच राहते. आत्रेयांचा हात देणारा माणूस तो हाच. परंतु त्या हाताचा दाब अधिक झाला तर कातडीला खळगा पडतो, आणि टोचून घेतलेल्या ठिपक्याला केस आले म्हणून पुढच्या महिन्यात दुसरीकडे नवा ठिपका पडणार नाही, याची हमी तो देत नाही.

तथापि कार्यकारणाच्या अभ्यासकाला सर्वांत मोहक वाटावा असा इलाज याहून निराळा आहे. डायफेन्सायप्रोन नावाचे द्रव्य 1983 सालापासून चाईवर वापरात आले. ते प्रथम दोन टक्के बळाचे लावून देहाला त्या द्रव्याशी वैर धरायला शिकवतात, आणि दोन आठवड्यांनी टक्क्याच्या हजाराव्या हिश्श्याइतके पातळ करून आठवड्यागणिक लावत, थोडी लाली आणि थोडी खाज सतत राहील इतपत त्याचे बळ वाढवीत नेतात. रक्षक पेशींचे लक्ष मुळावरून दुसरीकडे वळवावे, असा त्यामागचा तर्क. सुश्रुताने इंद्रलुप्तावर जागा खरवडून गुंजेच्या कल्काचा लेप सांगितला आहे. तोही कातडीला चिडवणाराच होय, मात्र गुंज विषारी असल्याने त्याचे घरी अनुकरण कोणी करू नये. सांगायचा मुद्दा असा की, डायफेन्सायप्रोन लावणारे जाणते वैद्य आरंभी ते डोक्याच्या केवळ अर्ध्या भागावर लावतात. काही महिन्यांनी अशा माणसाच्या डोक्यावर एका बाजूस केस आणि दुसऱ्या बाजूस कातडे असा विलक्षण देखावा दिसतो, आणि नैयायिकांनी मागितलेले अन्वय आणि व्यतिरेक हे दोन्ही साक्षीदार एकाच मस्तकावर शेजारी शेजारी उभे राहतात. दैव, हवापाणी, चिंता, नवस, पूर्वकर्म, ही सर्व दोन्ही अर्ध्यांना समानच होती. भेद काय तो एका द्रव्याचा. दोन्ही अर्धी एकदमच भरून आली, तर मात्र श्रेय औषधाला देण्याची घाई करता येत नाही. आणि दोन्ही ओसाड राहिली, तर काही महिन्यांनी औषधच बंद करणे शहाणपणाचे ठरते.

ज्यांच्या डोक्याचा निम्म्याहून अधिक भाग गेला आहे त्यांच्यासाठी 2022 साली अमेरिकेत बॅरिसिटिनिब या गोळीला रीतसर परवानगी मिळाली. त्यापूर्वी झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांत मिळून बाराशे रोगी होते. छत्तीस आठवडे चार मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी एका प्रयोगात 38.8 आणि दुसऱ्यात 35.9 टक्के लोकांचे निदान चार-पंचमांश डोके केसांनी भरले. दिसायला तशीच पण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.2 आणि 3.3 टक्के होते. येथे मैत्रेयाची फिर्याद निकाली निघते. परंतु गोळी बंद केली की पुष्कळांचे केस पुन्हा जातात. शिवाय गंभीर जंतुसंसर्ग आणि रक्तात गुठळ्या होणे यांचा धोका औषधाच्या माहितीपत्रकावरच ठळकपणे नमूद केलेला असतो. चरकाने असाध्याचाच एक पोटभेद म्हणून याप्य हा जो वर्ग मानला आहे, ज्यात औषध चालू असेतोवरच व्याधी ताब्यात राहते, त्याचे इतके चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. उलट एक-दोन ठिपक्यांच्या रोग्यांपुरते पाहिले तर मैत्रेयालाही त्याचा न्याय्य वाटा द्यावा लागतो. कॉक्रेन या परीक्षण-संस्थेने 2008 साली चाईवरचे 17 प्रयोग, म्हणजे सगळे मिळून 540 रोगी, तपासले, तेव्हा रोग्याला दीर्घकाळ हित झाले असे निर्विवाद दाखवणारा उपाय तिला आढळला नाही, आणि व्याधी आपणहून ओसरण्याचा संभव ध्यानी घेता काहीही न करणे हाही विचारात घेण्याजोगा पर्याय आहे, असे तिला म्हणावे लागले. त्यानंतर पुरावा वाढला तो मुख्यतः उग्र चाईच्या बाजूने.

येथवर विषय वैद्यांचा होता. यापुढे तो धर्माचा आहे. आपल्याकडे चाईवर कुलदैवताला नवस बोलणे ही जुनी वहिवाट आहे, आणि चरकानेही औषधाचे तीन प्रकार सांगताना मंत्र, मंगल, होम, उपवास, प्रायश्चित्त इत्यादींच्या दैवव्यपाश्रय चिकित्सेला युक्तीवर आधारलेल्या आणि मनाला आवरणाऱ्या चिकित्सांच्या पंक्तीला बसवले आहे. तेव्हा नवसाला हसणे हा काही माझा हेतू नाही. परंतु नवसाला यश आले असे म्हणताना आपण जी वही उघडतो तिला दोन पाने असतात, याचा विसर पडू नये. केस आले ते देवीच्या कृपेने, असे जमेच्या पानावर ज्याने लिहिले, त्याला केस न आलेल्या मुलीच्या नावे दुसऱ्या पानावर काही तरी लिहावेच लागते. आणि तेथे काय लिहिले जाते हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. नवस मनापासून बोलला नसेल. कुळाचार चुकला असेल. मागल्या जन्मीचा भोग असेल. ज्यांना देव मान्य नाही तेही हीच वही वेगळ्या अक्षरांत लिहितात: फार चिंता करतेस, वेळेवर जेवत नाहीस, मन प्रसन्न ठेव. चिंतेचा या व्याधीशी काही संबंध असूही शकेल; परंतु अहोरात्र चिंतेत बुडालेल्या लक्षावधी लोकांना चाई पडत नाही, आणि चिंता कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या चार वर्षांच्या पोरांना ती पडते. शास्त्राच्या भाषेत दोन्ही बाजूंनी व्यभिचार असलेला हा हेतू न्यायालयात टिकणार नाही. तो सासरी आणि माहेरी मात्र बिनदिक्कत टिकतो, आणि लग्नाच्या वाटाघाटीत तर फैसलाच देतो.

वेदान्त्यांना हा पेच ठाऊक होता. ईश्वर एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख देतो तर त्याच्यावर पक्षपात आणि निर्दयता हे दोन आरोप येतात, असा पूर्वपक्ष ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात मांडलेला आहे, आणि ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो असे सांगून त्याची निर्दोष मुक्तता केलेली आहे. तर्क म्हणून हे समाधान भक्कम असेल. पण न्यायासनावरून ईश्वर सुटला की आरोपीच्या पिंजऱ्यात रोगी आपोआप उभा राहतो, ही त्याची किंमत आहे. आणि ती किंमत स्वतःच्या दुःखापुरती मोजण्याचा अधिकार ज्याचा त्याला असला, तरी दुसऱ्याच्या दुःखासाठी ती परस्पर मोजण्याचा अधिकार कोणालाच नाही. स्वतः चरकाची भूमिका याबाबतीत कमालीची संयत आहे. सर्वांचेच आयुष्य नियत असते तर औषधींचा आणि मंत्रांचाही काही उपयोग उरला नसता, असे तो विमानस्थानात बजावतो, आणि दैव दुबळे असल्यास पुरुषकार त्याला मागे सारतो, अशी स्पष्ट मुभा देतो. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या ग्रंथानेच रोग्याला जन्मठेप सुनावण्याचे नाकारले, ही गोष्ट आपल्या घरोघरच्या उपदेशकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मग बरे झालेल्या माणसाने उपकार कोणाचेच मानू नयेत काय? असे मला वाटत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी कच्ची ठरवली आहे. हा दाखला रोग्याला लागू आहे तसाच वैद्याला, भगताला आणि कांद्यालाही लागू आहे. ज्याला केस आले त्याने देवळात जाऊन नारळ फोडावा, वैद्याच्या हातगुणाची तारीफ करावी, झोपी गेलेल्या रोमकूपाला पुन्हा जागे करणाऱ्या अज्ञात शक्तीपुढे नम्र व्हावे. कृतज्ञतेला पुराव्याची गरज नसते. पुराव्याची गरज असते ती शिफारशीला, कारण शिफारस दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. ‘मला बरे वाटले’ हे भक्ताचे वाक्य आहे आणि त्याला कोणी उलटतपासणी करू नये. ‘तूही हेच कर’ हे वैद्याचे वाक्य आहे, आणि ते उच्चारणाऱ्याने मैत्रेयाला तोंड देण्याची तयारी ठेवलीच पाहिजे.

म्हणून माझा अभिप्राय असा. एक-दोन ठिपके असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून, निदान पक्के करून, वर्षभर वाट पाहणे किंवा टोचे घेणे हे दोन्ही मार्ग सारखेच शहाणपणाचे आहेत. व्याधी उग्र असेल तर प्रयोगांनी सिद्ध झालेली औषधे, त्यांच्या धोक्यांसह आणि खर्चासह, समजून घेऊन स्वीकारावीत किंवा नाकारावीत. आणि केस न आणताच टोपी, पदर किंवा उघडे डोके घेऊन जगणे हाही पूर्ण मानाचा पर्याय मानावा. मात्र वाटेत भेटलेल्या चाईच्या रोग्याला, त्याने विचारल्याशिवाय, ना औषध सांगावे ना कारण.